तिठ्यावर कोण उभं होतं

विसरामनानांनी गाडीतून उतरल्या उतरल्या मागच्या सीटवरचा काळा कोट उचलला आणि अंगात चढवला.

“नाना, या उन्हात कोट?”

“बटन लागतंय का बघा, बाई.”

लागत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी पोट आत ओढून पुन्हा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि केसांवरून हात फिरवत फाटकाकडे निघाले. काठी गाडीतच राहिली होती. मी ती आणून दिली तर म्हणाले, “असू दे थितंच. आज नको.”

मॉरिशसमधलं माझं ते दुसरं वर्ष. संगमेश्वराजवळच्या एका गावातून मी तिथं शाळेत मराठी शिकवायला गेले होते आणि नानांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. नानांचे पूर्वज कोकणातूनच उसाच्या मळ्यावर मजुरीला आलेले. बंदरावर उतरल्यावर गोऱ्या कारकुनानं नाव विचारलं, खापरपणजोबांनी ‘बाळू’ एवढंच सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव बाळू झालं. विसराम बाळू. सत्तरी गाठलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची बायको भागीरथी आदल्या वर्षी गेली, तेव्हापासून ते आणखीच गप्प झाले होते.

त्या सुमारास वर्गात एका मुलीनं मला विचारलं, “टीचर, आपली माणसं यायच्या आधी ऊस कोण तोडायचं?” मी म्हटलं, गुलाम. ती म्हणाली, “ते राहायचे कुठं? खायचे काय?” मला सांगता येईना. संध्याकाळी जेवताना मी हे बोलले. सां-क्लेर नावाच्या जुन्या मळ्यावर हल्ली लोकांना आत सोडतात, सगळं समजावून सांगतात, असं कुणीतरी मला म्हणालं होतं. तिथं जाऊन यावं म्हणते, असंही मी बोलले.

“मी येतो,” नाना म्हणाले.

त्यांचा मुलगा हरीश घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. नानांचा जन्म त्याच मळ्यावरचा. पण तरुणपणी ते तिथून निघाले ते परत कधी गेले नव्हते. हरीशनं कितीदा विचारलं असेल, दरवेळी उत्तर एकच: “थितं काय हाय आता!”

फाटकाच्या आत राजधानी पोर्ट लुईहून आलेल्या दहाबारा बायका उभ्या होत्या. एकाच चर्चमधल्या असाव्यात. रविवारचे कपडे, डोक्याला हॅट. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांच्या त्या वंशज. म्हणजे एका अर्थानं आपलंच घर बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर गवताची टोपी घातलेली एक उंच, म्हातारी बाई बोलत होती. ताठ उभी. गळ्यात मळ्याचं ओळखपत्र. आवाज असा, की कुणाला पुढं सरकावं लागत नव्हतं.

“ही सोलांज,” नाना हळूच म्हणाले. “ती सांगल ते मी तुमाला मराठीत सांगन.”

“नाना, मला इथलं क्रिओल कळतं आता. बोलता येत नाही एवढंच.”

“बाजारातलं कळतंय तुमाला. हे येगळं आसतंय.”

ती बाई त्यांना कशी ठाऊक, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ओळखपत्रावरचं नाव वाचलं असेल असं मी धरून चालले.

सोलांजनं नानांकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्या बायकांकडे वळून म्हणाली, “चला, घंटेपासून सुरुवात करू.”

घंटा लोखंडी चौकटीत टांगलेली होती. पहाट व्हायच्या आधी ती वाजायची, सोलांज सांगू लागली, आणि जो उशिरा यायचा त्याला तिच्याखालीच फटके मिळायचे. तोडणीच्या दिवसांत अंधार पडला तरी काम थांबायचं नाही. चरकात हात सापडला तर तोडायला कोयता भिंतीला लावूनच ठेवलेला असायचा. खायला कसाव्याच्या कंदाची भाकरी. नाना शब्दाला शब्द मराठीत सांगत होते. मला सगळं आधीच कळत होतं, पण मी मान हलवत राहिले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका वेळ ऐकत होते.

“नावं?” त्या बायकांपैकी एकीनं विचारलं.

“नावं घरची राहिली नाहीत,” सोलांज म्हणाली. “मालक ठेवील ते नाव. माझ्या आजीची आजी जानेवारीत विकत घेतली, म्हणून तिचं नाव जानेवारी. मी सोलांज झांव्हिए. म्हणजे सोलांज जानेवारी. माझं आडनाव म्हणजे बाजाराचा महिना.”

एका बाईनं तिच्या दंडाला हात लावला.

“तिचं नाव महिन्याचं,” नानांनी मला सांगितलं, आणि मग स्वतःशीच म्हणाले, “आनि आमचं बाळूचं.”

आम्ही दगडी खोल्यांपाशी आलो. एका ओळीत बांधलेल्या बुटक्या खोल्या, आपल्याकडच्या चाळीसारख्या, फक्त खिडक्या नसलेल्या. एका खोलीत शिरायला सगळ्यांना वाकावं लागलं. नाना वाकले, आत जाऊन सरळ झाले आणि त्यांनी डाव्या भिंतीवर तळवा टेकला.

“मी हितं जन्मलो, बाई. ह्याच खोलीत.”

सोलांजनं त्यांचं बोलणं संपू दिलं. मग सांगू लागली. रात्री दार बाहेरून बंद व्हायचं. आई एका मालकाची असली की तिचं मूलही त्याचंच. ते वाढवून विकलं जायचं. जानेवारीचे दोन मुलगे असे गेले. तिसऱ्या वेळेला तिला दिवस राहिले तेव्हा ती पळाली. समोरच्या डोंगरात. पळालेला माणूस सापडला तर त्याचा कान कापत, खांद्यावर डाग देत. जानेवारी सापडली नाही. गुलामी संपल्याची खबर तिला डोंगरातच कळली, आणि ती खाली उतरली ती कडेवर मुलगी घेऊन.

“मग सगळेच इथून निघून गेले,” सोलांज म्हणाली. “पाय नेतील तिकडं, समुद्राच्या कडेला. एक दिवसही कुणाला इथं राहायचं नव्हतं. मालकाला तर ऊस तोडायला माणसं हवीच होती. त्यानं भिंतींना चुना मारला आणि जहाजातून हिंदुस्थानी आणले. आमच्या घामाचे डाग त्या चुन्याखाली आहेत. वर यांचे.” तिनं नानांकडे बोट केलं नाही, पण बायका नानांकडे बघू लागल्या.

नाना भाषांतर करायचे थांबले होते.

“नाना?”

“हां. ती म्हनते…” त्यांनी घसा साफ केला. “ती म्हनते, जानेवारीच्या खापरपनतीचा बाप पुढं हितं मिलमदी लोहार म्हनून आला. लोहाराची पोर आमच्या पोरींसंगं खेळायची. ह्या खोलीच्या मागं झरा हाय, थितं कपडे धुवायला यायची.”

सोलांज असं काही म्हणाली नव्हती. ती चुन्याबद्दल बोलत होती. मी नानांच्या तोंडाकडे बघत राहिले.

सोलांज पुढं सांगू लागली, की रविवारी मालकाची पाठ वळली की याच मागच्या अंगणात बकऱ्याच्या कातड्याचा डफ शेकून वाजवत, आणि आपापल्या मुलखाची गाणी म्हणत.

“ती म्हनते,” नाना म्हणाले, “मळ्यावरच्या एका पोराचा तिच्यावर जीव जडला. तिचा पन. दोघांनी ठरवलं, पोर्ट लुईला जायाचं. पाटंच्या बसनं. तिठ्यावर भेटायचं.”

सोलांजचा आवाज जरा हलला. पण ती थांबली नाही. पकडले गेले तर काय होईल हे त्या वाजवणाऱ्यांना माहीत असायचं, ती म्हणत होती, तरी ते वाजवायचे.

“ती म्हनते, पोरगा गेला नाय. त्याची आय उंबऱ्यात आडवी पडली. म्हनली, गुलामांची पोर घरात आनलीस तर माझ्या आंगावरनं जा. तो आंगावरनं गेला नाय. आनि ती पोर… ती तिठ्यावर उभी ऱ्हायली. गाठोडं घेऊन. सूर्य वर आला, बस गेली, तरी उभी. तो पोरगा म्हातारा झाला, त्याला पोरं झाली, नातवंडं झाली, त्याची बायको चांगली व्हती. पन रोज पाटंला त्याला दिसतंय, ती थितं उभी हाय. ती म्हनते…”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सोलांज बायकांना म्हणाली, “तुम्ही मिलच्या धुराड्याकडे व्हा. मी आलेच.” त्या एकेक करून वाकून बाहेर पडल्या. मीही निघाले तर नानांनी माझं मनगट धरलं.

सोलांजनं टोपी काढली. केस पांढरे, कापसासारखे, बारीक कापलेले.

“मी असं काय बी म्हटलं नाय, विसराम,” ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. नानांच्याच मराठीत, तोच हेल, फक्त ‘र’ घशातून.

“ठाव हाय,” नाना म्हणाले.

“मंग ह्या पोरीला खोटं कशाला सांगतोस?”

“तुला सांगत व्हतो.”

“मना सांगायला तुला इतकी वर्सं लागली?”

नानांनी मान खाली घातली. कोटाची टोकं दोन्ही हातांनी ओढून धरली, पण ती जुळत नव्हती.

“टीव्हीवर दिसलीस. गुदस्ता. भागीरथी गेल्यावर.”

“वाईट झालं. चांगली व्हती म्हनतोस.”

“चांगली व्हती. तिला कदी सांगटलं नाय मी. सोलांज, मी त्या दिवशी…”

“थांब.” तिनं हात वर केला. “तू तुझी गोष्ट सांगटलीस. आता माझी आयक. मी पन नाय आले.”

“आँ?”

“तिठ्यावर. मी गेलेच नाय.”

नाना तिच्याकडे बघत राहिले.

“तुज्या आयसनं मना एकदा पानी दिलंन. ठाव हाय कसं? मी ओंजळ धरली आनि तिनं वरनं वतलंन. भांड्याला हात लागू नये म्हनून. तू थितंच उभा व्हतास. हसत व्हतास, तुला त्यात काय दिसलंच नाय. आदल्या सांजेला मी आजीला सगळं सांगटलं. ती रागावली नाय. म्हनली, जा. पन आपन ह्या खोलीतनं निघालो ते दुसऱ्याच्या वळचनीला बसायला न्हवे, येवढं मनात ठेव आनि जा. मी रातभर त्येचाच इचार केला. सकाळी नाय गेले. चुलीपाशी बसून ऱ्हायले.”

“मंग तू… उभी नव्हतीस?”

“नव्हते. कोन उभं ऱ्हातंय!”

नानांनी पुन्हा भिंतीवर हात टेकला. ते रडत होते, की हसत होते, मला त्या अंधारात कळलं नाही. खांदे हलत होते एवढंच.

“पानी वतताना,” ते मग म्हणाले, “मी बघायला पायजे व्हतं.”

“व्हय,” सोलांज म्हणाली. “बघायला पायजे व्हतं.”

ती हे मऊपणानं बोलली नाही. पण बोलल्यावर तिनं हात पुढं केला. नानांनी तो दोन्ही हातांत धरला. बाहेर बायका धुराड्यापाशी एकमेकींचे फोटो काढत होत्या, त्यांचं हसू ऐकू येत होतं. मग सोलांजनंच हात सोडवून घेतला, टोपी घातली आणि म्हणाली, “जा आता. माझी मानसं थांबलीत.”

नाना वाकून बाहेर पडले. मी त्यांच्या मागं निघणार, तेवढ्यात तिनं विचारलं, “तू कोन त्याची?”

“कुणी नाही. भाडेकरू. मी कुंदा. शाळेत मराठी शिकवते.”

“खरी तिकडची हायस, मुलखातली?”

“हो.”

“मना तुजं बोलनं निम्मंच कळतंय. तो बोलतो ते सगळं कळतंय.” ती थोडी हसली. खोलीच्या दारातून नाना दिसत होते. सावकाश चालले होते, काठीशिवाय. ती तिकडे बघत होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “पोर्ट लुईला जाऊन राहणार कुठं होतात?”

“त्याच्या दोस्तानं खोली बघलेली. बाजाराच्या मागं. एकच पलंग मावंल येवढी.” तिची नजर अजून नानांवर होती. “आमी म्हनायचो, बस पाटंची हाय, कोन बघनार नाय. कसली पाटंची! त्या दिवशी ती आली सूर्य डोक्यावर चढल्यावर. समदी कोंबड्यांच्या टोपल्यांनी भरलेली. डायवर मना म्हनतो कसा, पोरी, चढतेस का…”

ती थांबली.

जी चुलीपाशी बसून राहिली, तिला बस कधी आली हे कुणी सांगितलं असेल, असं म्हणता आलं असतं. टोपल्यांचंही सांगितलं असेल. ड्रायव्हरचं कोण सांगणार?

सोलांजनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. तिनं मला गप्प राहा म्हटलं नाही, शपथ घातली नाही. तिनं पुन्हा बाहेर बघितलं.

“त्येचे पाय बघ कसे सुजलेत,” ती म्हणाली. “मीठ खातोय फार, पयल्यापासून. उन्हात उभा करू नको त्याला. जा.”

गाडीत बसल्यावर नानांनी कोट काढला, घडी घातली, मांडीवर ठेवला. बराच वेळ दोन्ही बाजूंना नुसता ऊस होता. मग ते म्हणाले, “बाई, आयकलंत न्हवं? ती आलीच नव्हती.”

“हो, नाना.”

“मी उगीच! रोज पाटंला उठायचो. भागीरथी इचारायची, काय झालं? मी म्हनायचो, पोटात दुखतंय. येवढी वर्सं पोटात दुखतंय म्हनत ऱ्हायलो.” ते हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पोरासारखे हसत होते. “ती घरात चुलीपाशी, आनि मी तिला उन्हात उभी करून ठेवलेली!”

पुढं तिठा आला. तीन रस्ते, एक दुकान, सुरूची दोन झाडं. नाना म्हणाले, “जरा थांबवा.”

मी गाडी कडेला घेतली. ते उतरले नाहीत. काच खाली करून बघत राहिले. दुकानदारानं हात केला, त्यांनीही केला. झाडांखाली कुणी नव्हतं. वारा सुटला की सुरूचा तो घुमल्यासारखा आवाज येई, तेवढाच.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं. मला ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं.

“आता कोन बी नाय थितं,” ते म्हणाले.

माझ्या तोंडावर आलं होतं. एक वाक्य. नाना, ती उभी होती. ते म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथूनच गाडी वळवायला लावली असती. की घरी जाऊन पुन्हा पहाटे उठू लागले असते? मला ठरवता येईना. सोलांजनं जे त्यांना दिलं ते माझं नव्हतं, मी ते परत कसं घेणार? मी गाडी सुरू केली.

“पुन्हा यायचं का इकडं, नाना? पुढच्या महिन्यात?”

“नको,” ते म्हणाले. “कशाला!”

त्या दिवसापासून नाना पहाटे उठेनासे झाले. उन्हं अंगणात आल्यावर चहाला येत. हरीश आणि सूनबाई खूश. म्हणायचे, बाबांना आता चांगली झोप लागते. नातवाला त्यांनी गुलामांची गोष्ट सांगितली, जानेवारीची. नीट सांगितली, जशी होती तशी, डोंगरातून कडेवर मुलगी घेऊन उतरली तिथपर्यंत. कधी कधी मात्र दुपारी अंगणातल्या खुर्चीत बसून ते समोर बघत राहत, काहीतरी ठेवलं होतं ते कुठं गेलं हे आठवत असल्यासारखे. मी जवळून गेले की म्हणत, “काय नाय, बाई.”

माझी मुदत संपली. निघायच्या आठवड्यात मी वर्गातल्या मुलांना सां-क्लेरला घेऊन गेले. सोलांजनं त्यांना घंटा दाखवली, खोल्या दाखवल्या, तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कसाव्याची भाकरी खायला दिली. माझ्याशी ती क्रिओलमध्येच बोलली, इतर कुणाशी बोलावं तशी. मुलं बसमध्ये चढू लागली तेव्हा ती माझ्याजवळ आली.

“बरा हाय?”

“बरे आहेत. झोपतात चांगले.”

“चालतोय?”

“देवळापर्यंत जातात.”

तिनं मान हलवली. बसच्या दारात मुलांची ढकलाढकली चालली होती, मी त्यांना ओरडले, आणि वळले तर ती अजून तिथंच उभी होती.

“इकडं येनार म्हनाला का कदी?”

खोटं बोलावंसं मला फार वाटलं. पण ती थेट माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हटलं.

“मंग माझं पटलं त्याला,” सोलांज म्हणाली. तिनं टोपी सारखी केली आणि फाटकाशी नव्यानं येऊन थांबलेल्या लोकांकडे चालू लागली.